कृष्णकमळावर फुलपाखरे येतील, पण डाळिंबाशेजारी ही वेल लावायची का?



फुलपाखरांच्या अभ्यासकांनी २०२० पासून सप्टेंबर हा ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळायला सुरुवात केली. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या शेवटी मोबाईलवर त्याच त्या चित्रफिती फिरतात. कृष्णकमळाची एक वेल लावा, अंगण फुलपाखरांनी भरून जाईल, असे त्यात सांगितलेले असते. शाळांमध्ये फुलपाखरू बाग करायच्या सूचना येतात आणि रोपवाटिकांत कृष्णकमळाच्या पिशव्या पुढच्या रांगेत येतात.

नामपूर आणि मोसम खोऱ्यातल्या गावांतून या विषयावर दोन प्रकारचे प्रश्न येतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिला प्रश्न असा: “मळ्यातल्या घरापुढे आणि बागेच्या कुंपणाला कृष्णकमळ चढवतो, चालेल ना?” दुसरा प्रश्न एका जुन्या डाळिंब बागायतदाराने विचारला: “साहेब, फुलपाखरू म्हणजे सुरसा अळीची आई. तिला घालवायला आम्ही एवढ्या फवारण्या करतो आणि तुम्ही तिला आवतण द्यायला सांगता?”

दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बागलाणच्या शेतकऱ्याने जवळून ओळखलेले फुलपाखरू कोणते, तर डाळिंबाच्या फळात अळी सोडणारे. तेल्या आणि मर रोगाने कसमादे पट्ट्यातल्या कितीतरी बागा गेल्या. जी बाग उरली आहे तिच्याजवळ नवीन वेल लावण्याआधी माणूस शंका घेणारच. या शंकेचे उत्तर तीन भागांत द्यावे लागते, कारण भीती ज्या गोष्टीची वाटते ती निराळी आहे आणि धोका निराळ्याच ठिकाणी आहे.

फुलपाखरू फुलाला भुलून येत नाही

आधी एक गैरसमज दूर करू. कृष्णकमळाचे फूल एवढे देखणे आहे की फुलपाखरे त्याच्यासाठीच येत असतील असे वाटते. आपल्याकडे त्या झालरीत शंभर कौरव आणि मधल्या भागात पाच पांडव मोजतात. युरोपातून आलेल्या धर्मगुरूंनी त्याच फुलात येशूचा काटेरी मुकुट पाहिला आणि त्यावरून वेलीला ‘पॅशन’ हे नाव पडले. पण त्या फुलावर सकाळी नीट पाहा. तिथे बहुतेक वेळा मोठा काळा भुंगा बसलेला असतो. फुलाची रचनाच अशी आहे की आत शिरणाऱ्या मोठ्या भुंग्याच्या पाठीला पराग लागतात. फुलपाखराचा त्या कामाला फारसा उपयोग नाही.

फुलपाखरू येते ते पानासाठी. आपल्या भागात या वेलीवर हमखास येणारे फुलपाखरू म्हणजे कृष्णकमलिनी. इंग्रजीत त्याला टॉनी कोस्टर म्हणतात. विटकरी-केशरी पंख, त्यावर काळे ठिपके, आणि उडणे एवढे संथ की लहान मूलही पकडेल. मादी पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर अंड्यांचा पुंजका घालते. त्यातून निघणाऱ्या लालसर तपकिरी, काटेरी अळ्या आधी घोळक्याने आणि नंतर पांगून पाने खातात. अळ्या जास्त झाल्या तर वेलीचे नुसते दांडे उरतात. पुढे अळीचा पांढरट, काळ्या रेघांचा कोष होतो आणि त्यातून नवे फुलपाखरू बाहेर पडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सारा खेळ साधारण महिन्याभरात आटोपतो.

म्हणजे जो कृष्णकमळ लावून फुलपाखराची वाट पाहतो, त्याने पाने खाल्लेली सहन केली पाहिजेत. अनेक घरांत नेमके उलटे घडते. वेल फुलावर असते, एक दिवस अळ्या दिसतात आणि घरातला कुणीतरी बागेसाठी आणलेल्या औषधाचा पंप घेऊन येतो. फुलपाखरांसाठी लावलेल्या वेलीवरच फुलपाखरांची पिलावळ मारली जाते.

एक गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. कृष्णकमळाचे कुळ मुळात बहुतांशी दक्षिण अमेरिकेतले आणि कृष्णकमलिनी आपल्या उपखंडातली. ही वेल येण्याआधी तिची अळी काय खात होती? रतनपुरुष या छोट्या वनस्पतीवर ती आजही वाढते. जांभळट गुलाबी, एकच मोठी पाकळी खाली लोंबणारे फूल असलेली ही वनस्पती बाजरी-ज्वारीच्या बांधावर आणि पडीक माळावर उगवते. बांधावर दरवर्षी तणनाशक मारले की ती जाते, आणि तिच्याबरोबर या अळीचे जुने घरही जाते. परदेशी वेलीने या फुलपाखराला मात्र मोठा हात दिला. १९८० च्या दशकात ते थायलंडमध्ये दिसू लागले, २००६ मध्ये सिंगापूरला पोहोचले आणि २०१२ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला.

मोबाईलवरच्या बऱ्याच चित्रफिती अमेरिकेतल्या असतात. त्यात कृष्णकमळावर येणारी गल्फ फ्रिटिलरी आणि पट्टेदार झेब्रा ही फुलपाखरे आपल्याकडे नाहीत. तेव्हा नामपूरला वेल लावून त्यांची वाट पाहू नका.

सुरसा येणार नाही

आता बागायतदाराच्या प्रश्नाकडे. फुलपाखरू मध कुठल्याही फुलावरचा पिते, पण अंडी ठरलेल्याच झाडांवर घालते. अळी जन्मल्यावर जे खाऊन जगेल तेच झाड मादी शोधते, पायांनी आणि शृंगिकांनी चव-वास पारखते. कृष्णकमळाच्या पानांत सायनाईड तयार करणारे घटक असतात. कृष्णकमलिनीच्या अळीला ते पचतात, उलट तेच विष अंगात असल्यामुळे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच हे फुलपाखरू एवढे आरामात उडते. ती अळी डाळिंबाच्या पानाला किंवा फळाला तोंड लावत नाही.

सुरसा अळीचे फुलपाखरू निराळे. ते छोटे, चपळ असते. नर निळसर जांभळा, मादी तपकिरी. ते कळी, फूल आणि कोवळ्या फळावर एकेक अंडे घालते. अळी फळात शिरते, आतले दाणे खाते आणि छिद्रातून विष्ठा बाहेर येऊन घाण वास सुटतो. हे फुलपाखरू डाळिंबाशिवाय पेरू, चिंच, आवळा, बोर अशा झाडांच्या फळांतही वाढते. बांधावरच्या चिंचेत किंवा पेरूत त्याची पैदास होऊ शकते, कृष्णकमळात नाही. त्यामुळे सुरसाचा बंदोबस्त करायचा असेल तर पोखरलेली फळे वेचून खोल पुरणे, फुलोऱ्यापासून निंबोळी अर्काची फवारणी आणि बांधावरच्या पेरू-चिंचेकडे लक्ष, हे करा. आणखी एक लक्षात ठेवा, हे फुलपाखरू दिवसा उडते. प्रकाश सापळा लावून ते सापडणार नाही.

राज्याने २०१५ मध्ये ब्ल्यू मॉर्मनला राज्य फुलपाखरू जाहीर केले. असे करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य. या मानकरी फुलपाखराची अळीही लिंबूवर्गीय झाडांची पाने खाते, हे त्या कौतुकात कुणी सांगितले नाही. सगळी फुलपाखरे शत्रू नाहीत आणि सगळी पाहुणीही नाहीत. कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते, एवढे पाहिले की पुरे.

ज्या वेलीकडे पाहायला हवे ती वेगळीच

वेलीची धास्ती घ्यायचीच असेल तर ती गुळवेल आणि वासनवेलीची घ्या. फळातील रस शोषणारा पतंग मृग बहाराची फळे पिकू लागतात तेव्हा रात्री बागेत येतो. फळाच्या सालीला तो सोंडेने टाचणीसारखे छिद्र पाडतो, तिथून फळ सडते आणि गळते. या पतंगाची अळी डाळिंबावर वाढत नाही. ती वाढते बांधावरच्या गुळवेल, वासनवेल, चांदवेल अशा वेलींवर. म्हणूनच पावसाळ्यात बागेभोवतालच्या या वेली काढून टाकण्याची शिफारस वर्षानुवर्षे आहे.

कोरोनाच्या काळात काढ्यासाठी गुळवेलीला एकदम मागणी आली. घरोघरी लिंबाच्या झाडावर, कुंपणावर गुळवेल चढली. पुढे काढा सुटला, वेल मात्र राहिली आणि पसरली. मला भेटलेल्या बागायतदारांपैकी कितीतरी जणांच्या बागेच्या कुंपणावर आज गुळवेल आहे. कृष्णकमळाबद्दल विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारतो: “कुंपणावर गुळवेल आहे का?” औषधी म्हणून ठेवायची असेल तर घराजवळ एकच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या पानांवर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या, कमान करून चालणाऱ्या अळ्या आहेत का ते पाहा. दिसल्या तर वेचून मारा.

खरा धोका पानात नाही, मुळात आहे

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. डाळिंबाच्या मर रोगात मुख्य हात सेरॅटोसिस्टिस या बुरशीचा. तिच्या जोडीला फ्युजारियम बुरशी, खोडाला बारीक छिद्रे पाडणारा शॉट होल बोरर आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. सूत्रकृमींनी जखमी केलेल्या मुळांतून बुरशीला आत जायला वाट मिळते. हेच गाठी करणारे सूत्रकृमी कृष्णकमळाच्या कुळातल्या वेलींनाही लागतात. जांभळ्या फळाचे पॅशन फ्रूट तर त्यांना लवकर बळी पडते. पिवळ्या फळाची जात त्या मानाने टिकते, म्हणून काही ठिकाणी तिचा खुंट वापरतात.

मग विचार करा. तुम्ही दूरच्या रोपवाटिकेतून मातीसह एक पिशवी आणली, डाळिंबाच्या शेवटच्या ओळीजवळ कुंपणाला लावली आणि ठिबकच्या नळीतून तिलाही पाणी दिले. पिशवीतल्या मातीत सूत्रकृमी असतील तर तुम्ही ते स्वतःच्या हाताने बागेच्या वाफशात सोडले. फुलपाखरू उडून जाईल, सूत्रकृमी जाणार नाहीत.

याची तपासणी घरच्या घरी होते. रोप लावण्याआधी पिशवी फाडा, मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवा. गाठी दिसल्या तर बोटाने खरवडून पाहा. भुईमुगाच्या मुळावरची नत्राची गाठ सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण ती मुळाचाच फुगलेला भाग असते. अशी गाठ दिसली तर ते रोप मातीसह जाळून टाका, खतखड्ड्यात टाकू नका. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे रोप आणायचेच नाही. ओळखीच्या घरातल्या निरोगी वेलीचे तीन-चार पेरांचे छाट जून-जुलैत घ्या आणि स्वच्छ माती किंवा कोकोपीटमध्ये रुजवा. छाटाबरोबर सूत्रकृमी येत नाहीत.

माझी स्पष्ट शिफारस अशी: कृष्णकमळ घरापुढे किंवा खळ्याजवळ, शक्य तर मोठ्या कुंडीत लावा. डाळिंबाच्या आळ्यात, ओळीत किंवा ठिबकच्या नळीवर लावू नका. बागेत फुलपाखरांसाठी काही हवेच असेल तर आफ्रिकन झेंडू लावा. त्याच्या मुळांतील द्रव्यांमुळे सूत्रकृमींची संख्या घटते, म्हणून डाळिंबात त्याची शिफारस आहेच. त्यासाठी तो दाट लावून अडीच-तीन महिने जमिनीत ठेवावा लागतो. कडेला दोन-चार रोपे लावून तो परिणाम मिळत नाही. झेंडूच्या फुलांवर फुलपाखरे मध प्यायला येतात, आणि दसरा-दिवाळीला चार क्रेट फुले सटाणा किंवा मालेगावला गेली तर वरखर्चही निघतो.

ऑडिटपुरता कोपरा

हा विषय शोभेचा न राहता शेतकऱ्याच्या दारात का आला, त्याला आणखी एक कारण आहे. द्राक्ष आणि डाळिंब निर्यातीसाठी ग्लोबलगॅप प्रमाणपत्र घेणाऱ्या बागांना त्याची सहावी आवृत्ती १ जानेवारी २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्यात जैवविविधतेच्या व्यवस्थापनावरचा भर वाढला आहे. कसमादेतली लवकर छाटणीची द्राक्षे परदेशी जातात, त्यामुळे हा कागद आता इथल्या कपाटात आला.

त्याचा परिणाम काय दिसतो? शेडजवळ चार फुलझाडे, एक कृष्णकमळ, त्यावर ‘फुलपाखरू उद्यान’ अशी पाटी आणि फाइलमध्ये फोटो. मी याला ऑडिटपुरता कोपरा म्हणतो. त्याच बागेच्या बांधावर तणनाशकाने पिवळा पट्टा पडलेला असतो. सल्लागार मित्रांनो, शेतकऱ्याला पाटी लिहून देण्यापेक्षा बांधाचा एक तुकडा दाखवा, जिथे तणनाशक मारायचे नाही. तिथे रुई उगवू द्या, तिच्यावर प्लेन टायगर या केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. टाकळा असेल तर पिवळी छोटी फुलपाखरे येतील. रतनपुरुष पुन्हा उगवली तर उत्तमच. फाइलमध्ये त्या तुकड्याची लांबी, तिथे कोणती झाडे आहेत आणि कोणत्या महिन्यात काय दिसले, एवढे लिहा. खर्च शून्य.

कांद्याचे उळे घरी करणाऱ्यांनी या तुकड्याकडे जास्त लक्ष द्यावे. डोंगळ्यांच्या फुलोऱ्यात बी धरायला मधमाश्या लागतात. कृष्णकमळाचा भुंगा तिथे फारसा कामाचा नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. पण डोंगळ्यांच्या कडेला फुललेली कोथिंबीर, शेपू किंवा बडीशेप असली तर माश्या रेंगाळतात. डोंगळे फुलावर असताना कीटकनाशक मारणे टाळा. मारावेच लागले तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी.

फवारणी आणि वेल

घरासमोरची वेल बागेपासून निदान तीस मीटर लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी, असा माझा अनुभवावरचा अंदाज आहे. ब्लोअरचे तुषार याहून लांब जातात, पण निदान सगळा मारा पानावर येत नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधे ठिबकमधून दिली की ती मुळातून पानात चढतात. वेलीचे मूळ त्याच ओलाव्यात असेल तर पान हिरवेगार दिसते आणि ते खाणारी अळी मरते. जैविक औषध म्हणून बीटी मारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. बीटी फक्त बोंडअळी ओळखत नाही, ते खाणाऱ्या दुसऱ्या फुलपाखरांच्या अळ्याही मरतात.

मी स्वतः फसलो तो प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून टवटवीत वेल आणली. महिन्याच्या आत तिच्यावर अंडी आली, अळ्या फुटल्या आणि दोन दिवसांत सगळ्या काळ्या पडून गळाल्या. चौकशी केल्यावर कळले, विक्रीआधी रोपांना मावा-पांढरी माशीसाठी आंतरप्रवाही औषध दिले होते. तेव्हापासून विकतचे रोप असेल तर पहिल्या दोन महिन्यांत त्यावर येणारी अंडी मी पानासह काढतो आणि जुन्या वेलीवर नेऊन ठेवतो.

पॅशन फ्रूटचा एकर?

हा प्रश्नही येतो, विशेषतः द्राक्षबाग काढून मंडप रिकामा उभा असलेल्यांकडून. मंडप तयार आहे, वेल चढवू, असे वाटणे स्वाभाविक आहे. पॅशन फ्रूट ईशान्येकडची राज्ये, कूर्ग, निलगिरी आणि केरळात होते. कूर्गमधल्या चेट्टळ्ळी केंद्राने जांभळ्या आणि पिवळ्या जातींच्या संकरातून ‘कावेरी’ वाण दिला आहे. पण तिकडची दमट हवा आणि आपला एप्रिल-मे यांत फार अंतर आहे. चाळिशी पार गेलेल्या कोरड्या वाऱ्यात फुले गळतात. पिवळ्या जातीला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दोन वेगळी रोपे आणि मोठा भुंगा लागतो, नाहीतर दुपारी फूल उमलल्यावर हाताने परागीकरण करत बसावे लागते. फळ घेणारा व्यापारी नामपूरच्या बाजार समितीत सापडत नाही. त्यात कृष्णकमलिनीची अळी, जी घरापुढे पाहुणी असते, ती या पिकात पाने खाणारी कीड ठरते. मंडपाच्या कडेला पाच-सहा वेली लावून दोन उन्हाळे पाहा. एकरभर लावू नका. घरच्या शोभेच्या कृष्णकमळाला तर सहसा फळच धरत नाही, त्याची वाट पाहू नका.

लावायची तर अशी

पाच-सहा तास ऊन मिळेल आणि दुपारच्या कडक उन्हात थोडी सावली येईल अशी जागा निवडा. कुंडी निदान चौदा इंची, तळाला निचरा चांगला. जमिनीत लावली तर काही जाती मुळांपासून फुटवे काढत पसरतात, म्हणून कुंडीच बरी. शक्यतो दोन वेली लावा. एकीची पाने खाल्ली गेली की दुसरीवर फूल पाहायला मिळते, आणि खाल्लेली वेल काही आठवड्यांत पुन्हा फुटते. शेणखत पुरेसे आहे. युरिया दिला तर पाने वाढतात आणि फुले कमी होतात. जवळ सुक्या जुन्या बांबूचा एक भारा आडोशाला ठेवला तर काळे भुंगे त्यात घर करतात. मंडपाचे मोडके बांबू याला चालतात.

छाटलेली वेल शेळ्या-गाईंपुढे टाकू नका. कोवळ्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते, तसेच सायनाईड तयार करणारे घटक या पानांतही असतात. रस्त्याकडेला दिसणारी, फुला-फळाभोवती केसाळ चिकट जाळी असलेली आणि चुरगळल्यावर उग्र वास येणारी रानटी जात तर घरी आणूच नका. तिच्यावर फुलपाखरू येते हे खरे, पण ती तणासारखी पसरते.

छाटणी फेब्रुवारीत करा. कात्री लावण्याआधी दांड्यांच्या आणि कुंपणाच्या तारेच्या खालच्या बाजूला पाहा. काळ्या रेघांचे पांढरट कोष लटकलेले दिसले तर तेवढ्या फांद्या आठ-दहा दिवस राहू द्या आणि मग छाटा.